गवत कापण्याच्या यंत्रावरची वाढीव वॉरंटी घ्यावी का?

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात म्हापसा, फोंडा किंवा मडगावच्या बाजारात शेती अवजारांच्या दुकानांसमोर ग्रास कटर ओळीने मांडलेले दिसतात. पहिला पाऊस पडला की पंधरा-वीस दिवसांत अंगणापासून भाटापर्यंत, म्हणजे माडा-काजूच्या बागेपर्यंत, गवत गुडघ्याला लागणार, हे दुकानदारालाही ठाऊक असते आणि गिऱ्हाइकालाही. गोव्यात वर्षाकाठी सरासरी ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. कोयत्याने गवत कापणारी माणसे मिळेनाशी झाली, तशी ही यंत्रे घरोघरी आली. यंत्र पसंत पडते, किंमत ठरते, आणि पैसे काढता काढता काउंटरवरून प्रश्न येतो : ‘कंपनीची वॉरंटी एक वर्षाची आहे. थोडे जास्त भरलेत तर आणखी दोन वर्षे मिळतील. घालू का बिलात?’

या प्रश्नाचा विचार करायला ग्राहकाला अर्धा मिनिटही मिळत नाही. मागे गिऱ्हाइके उभी असतात, बाहेर गाडी वाटेत लावलेली असते, आणि अठरा हजारांच्या वस्तूपुढे दोन-अडीच हजार रुपये लहान वाटतात. दोन वर्षांपूर्वी मीही याच घाईत ‘घाला’ म्हटले होते आणि २,४०० रुपये भरले होते. पुढे त्या पैशांचे काय झाले ते ओघात सांगेनच. आधी आपण नेमके काय विकत घेतो, हे समजून घेऊ.

वॉरंटी म्हणजे काय, आणि वाढीव वॉरंटी म्हणजे काय?

वॉरंटी म्हणजे ठरावीक मुदतीत ठरावीक प्रकारचा दोष निघाला तर तो आपल्या खर्चाने दुरुस्त करून देऊ, हे विकणाऱ्याने किंवा बनवणाऱ्याने दिलेले वचन. बोलताना आपण वॉरंटी आणि गॅरंटी हे शब्द एकाच अर्थाने वापरतो. बाजारातला साधारण संकेत असा की, गॅरंटी म्हटले तर वस्तू बदलून मिळण्याची अपेक्षा असते आणि वॉरंटी म्हटले तर दुरुस्तीची. मात्र कोणता शब्द वापरला याला फारसे महत्त्व नाही; कार्डावर काय लिहिले आहे, त्याला आहे.

कंपनीच्या मूळ वॉरंटीचे पैसे यंत्राच्या किमतीतच धरलेले असतात. वाढीव वॉरंटी ही वेगळी वस्तू आहे. ती स्वतंत्रपणे विकली जाते, तिची किंमत वेगळी असते, आणि पुष्कळदा ती देणारी संस्थाही वेगळी असते. कधी ती यंत्र बनवणाऱ्या कंपनीची असते, कधी दुकानाची, तर कधी तिसऱ्याच कंपनीची. त्यामुळे पहिला प्रश्न ‘किती वर्षे?’ हा विचारण्यापेक्षा ‘वचन कोणाचे?’ हा विचारावा. तिसऱ्या वर्षी यंत्र बिघडले आणि वचन देणारी कंपनी तोपर्यंत गुंडाळली गेली असली, तर हातात उरलेल्या कागदाचा उपयोग शून्य.

‘तीन वर्षांची वॉरंटी’ असे सांगितले जाते तेव्हा त्यात पहिले, फुकटचे वर्षही मोजलेले असते, हेही ध्यानात ठेवावे. पैसे भरून मिळतात ती फक्त पुढची दोन वर्षे.

यंत्र कधी बिघडते?

माडाचे रोप लावणाऱ्याला हे वेगळे शिकवावे लागत नाही. रोप लावल्यावर पहिले एक-दोन पावसाळे जिवावरचे असतात. रोप मुळात कमकुवत असेल, लावताना काही चुकले असेल, तर ते याच काळात मान टाकते. एकदा तगले की मग तो माड कितीतरी वर्षे बिनबोभाट उभा राहतो. पुढे म्हातारपणी पुन्हा त्याचे दुखणे सुरू होते.

यंत्रांचेही असेच असते. कारखान्यात राहिलेला दोष, म्हणजे सैल बसलेला भाग, सदोष कॉईल किंवा नीट न बसलेले सील, साधारणपणे सुरुवातीच्या महिन्यांतच उघडकीला येतो. त्यानंतर मधली वर्षे तुलनेने शांत जातात. शेवटी झिजेमुळे बिघाड वाढू लागतात. अभियंते याचा आलेख काढतात तेव्हा त्याचा आकार बाथटबसारखा दिसतो, दोन्ही टोकांना उंच आणि मध्ये सपाट, म्हणून त्याला ‘बाथटब कर्व्ह’ म्हणतात.

आता वाढीव वॉरंटीचा काळ या आलेखावर मांडून पाहा. पहिला धोक्याचा काळ कंपनीच्या मूळ वॉरंटीत येतो. म्हातारपणाचा धोक्याचा काळ घरगुती वापरात बहुधा चार-पाच वर्षांनंतर येतो, आणि तेव्हा वाढीव वॉरंटी संपलेली असते. शिवाय झीज हे कारण तिच्यात बहुधा धरलेलेच नसते. म्हणजे आपण पैसे मोजतो ते मधल्या शांत वर्षांसाठी. विकणाऱ्याला ही योजना परवडते, ती याच कारणाने.

गोव्यात ही यंत्रे कशाने बंद पडतात?

वरचे विवेचन कोणत्याही यंत्राला लागू पडेल. गवत कापण्याच्या यंत्राची, त्यातही गोव्यातल्या यंत्राची, गोष्ट याहून थोडी वेगळी आहे; आणि माझ्या मते निर्णय करताना हाच भाग सर्वांत महत्त्वाचा आहे.

आपल्याकडे बहुतेक घरांत असते ते टू-स्ट्रोक इंजिनाचे यंत्र. टू-स्ट्रोक म्हणजे असे इंजिन ज्यात वंगणाचे तेल वेगळ्या टाकीत न भरता पेट्रोलमध्येच मिसळावे लागते. पुस्तिकेत प्रमाण दिलेले असते : ५० भाग पेट्रोलला एक भाग तेल असेल, तर एक लिटरला २० मिलिलिटर, २५ भागांना एक असेल, तर ४० मिलिलिटर. हे तेल, ज्याला सगळे टू-टी ऑइल म्हणतात, पिस्टनभोवती पातळ थर धरते म्हणून इंजिन जगते. घाईत कोणी साधे पेट्रोल ओतले तर काही मिनिटांत पिस्टन सिलिंडरला घासून जाम होतो. हा सर्वांत महागडा बिघाड. आणि ‘वापरणाऱ्याची चूक’ या सदरात पडत असल्याने कोणतीही वॉरंटी त्याचे पैसे देत नाही.

दुसरे कारण साठवलेले पेट्रोल. हे यंत्र वर्षभर चालत नाही. जून ते सप्टेंबर घराभोवती, त्यातही चवथीच्या आधी एकदा झाडून सगळीकडे. मग पाऊस ओसरल्यावर काजूच्या बागेत, म्हणजे बिया पडू लागतील तेव्हा त्या गवतात हरवू नयेत म्हणून. त्यानंतर यंत्र खोपीत जाते ते थेट पुढच्या पावसाळ्यात बाहेर येते. टाकीत राहिलेले पेट्रोल तेवढे महिने तसेच पडून असते. त्यातला हलका अंश उडून जातो, चिकट साका उरतो आणि कार्बोरेटरची, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणाऱ्या भागाची, केसाएवढी छिद्रे बुजतात.

यात आता इथेनॉलची भर पडली आहे. देशात पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट आधी २०३० सालासाठी होते. ते अलीकडे आणले गेले आणि २०२५ मध्ये गाठले गेले. गाड्यांच्या मायलेजवरून त्याची खूप चर्चा झाली, पण महिनोन् महिने बंद राहणाऱ्या या छोट्या इंजिनांचा विचार त्या चर्चेत फारसा आला नाही. इथेनॉल हवेतली ओल शोषून घेते, आणि आपल्या दमट हवेत ओलीला काय तोटा? ओल एका मर्यादेपलीकडे गेली की इथेनॉल आणि पाणी पेट्रोलपासून सुटून तळाशी बसतात. टू-टी ऑइल मात्र वरच्या पेट्रोलमध्येच राहते. टाकीतली नळी पेट्रोल खेचते ते तळापासून. म्हणजे आपण प्रमाणात तेल मिसळलेले असूनही इंजिनाला सुरुवातीला मिळते ते तेलाविना द्रव.

हे डोळ्यांनी पाहता येते. जुने पेट्रोल काचेच्या स्वच्छ बाटलीत काढा, चुलीपासून आणि दिव्यापासून लांब, उघड्यावर ठेवा आणि अर्धा तास हलवू नका. बाटली उजेडात तिरकी धरल्यावर मध्ये एखादी रेघ दिसली, खाली गढूळ थर आणि वर रंगीत पेट्रोल असे दिसले, तर ते यंत्रात घालू नये.

माझ्या यंत्राचे झाले ते हेच. काजूची बाग साफ करून जानेवारीत ठेवलेले यंत्र जूनमध्ये सुरू होईना. चोक ओढून, प्लग पुसून, दोरी ओढून ओढून खांदा दुखायला लागला. मूळ वॉरंटी संपून महिना झाला होता. पण वाढीव वॉरंटी होती, म्हणून निर्धास्तपणे यंत्र घेऊन शहरातल्या सेवा केंद्रात गेलो. मेकॅनिकने कार्बोरेटर उघडून माझ्यासमोर धरला. आतल्या वाटीत पांढरट-हिरवी खरवड धरली होती, तांब्याच्या भांड्यावर चढते तशी. ‘हे इंधनामुळे झालेले आहे, हे वॉरंटीत येत नाही,’ असे त्याने शांतपणे सांगितले आणि योजनेच्या कागदावरची ओळ दाखवली. ती ओळ तिथे होतीच, मी ती वाचली नव्हती. सफाई, नवे डायफ्राम आणि नळी मिळून ८५० रुपये झाले. यंत्र हातात यायला १९ दिवस लागले, कारण जूनमध्ये सगळ्या तालुक्यांची यंत्रे तिथे येऊन पडलेली होती. तोवर घरामागचे गवत कमरेला लागले होते, आणि आईने संध्याकाळनंतर विहिरीकडे जाणे बंद केले होते. गवतात जनावर, म्हणजे साप, असेल या भीतीने माणूस स्वतःच्या अंगणात पाऊल टाकायला बिचकतो, हे ज्याने अनुभवले आहे त्याला त्या १९ दिवसांची किंमत कळेल.

तिसरे कारण चिरा. आपल्या कुंपणाचे, गडग्याचे, आळ्याभोवतीचे चिरे गवतात लपलेले असतात. फिरते पाते चिऱ्यावर आदळले की धक्का दांड्यातून गिअरपर्यंत जातो. पाते वाकते, गिअरचे दात तुटतात, क्लच झिजतो. यालाही योजनेच्या भाषेत ‘बाह्य आघात’ म्हणतात आणि तोही बहुधा वगळलेला असतो.

छोट्या अक्षरांत काय असते?

प्रत्येक योजनेचा कागद वेगळा असतो, त्यामुळे आपल्या हातातला कागद वाचण्याला पर्याय नाही. तरी वगळलेल्या गोष्टींची यादी बरीचशी सारखी असते. स्पार्क प्लग, एअर फिल्टर, पाते, नायलॉनची दोरी, सुरू करण्याची दोरी हे झिजणारे भाग म्हणून बाहेर. चुकीचे किंवा खराब इंधन बाहेर. गंज बाहेर, आणि समुद्राकाठच्या खाऱ्या हवेत राहणाऱ्यांनी या शब्दाशी थोडे थांबावे. बाहेरच्या मेकॅनिकने यंत्र उघडले असेल तर सगळेच बाहेर. भाड्याने किंवा धंद्यासाठी वापर असेल तरीही बाहेर.

यात उरते काय? इंजिनाच्या मुख्य भागांतला मूळचा, म्हणजे कारखान्यातला, दोष. आणि तो, वर पाहिले तसे, पहिल्या वर्षातच उघड होण्याची शक्यता जास्त.

काही अटी वेगळ्याच ठिकाणी अडवतात. वेळच्या वेळी अधिकृत केंद्रातच सर्व्हिसिंग केल्याची नोंद नसेल, तर दावा नाकारला जाऊ शकतो. म्हणजे २,४०० रुपयांशिवाय दर वर्षीच्या सर्व्हिसिंगचा खर्चही या योजनेच्या हिशेबात धरायला हवा. सुटा भाग फुकट पण मजुरी आपली, अशीही विभागणी असते. यंत्र केंद्रापर्यंत नेण्या-आणण्याचा खर्च आपला. काणकोणहून मडगावला किंवा सत्तरीतल्या आतल्या गावातून म्हापशाला पाच-सात किलोचे लांबलचक यंत्र घेऊन दोन खेपा करणे म्हणजे किती दिवस मोडतात, हा हिशेब ज्याने त्याने करावा.

शिवाय वॉरंटी बहुतेक वेळा बिलावरच्या नावाने असते. कृषी कार्डावर अनुदान मिळवून यंत्र घेतले असेल आणि कार्ड वडिलांच्या नावावर असेल, तर वॉरंटीची नोंदणीही त्याच नावाने झाली आहे ना, हे पाहून ठेवावे.

मग हिशेब कसा मांडायचा?

बिघाडाची नेमकी शक्यता आपल्याला कोणी सांगत नाही. विकणाऱ्या कंपनीकडे ती आकडेवारी असते, ग्राहकाकडे नसते. पण ती नसतानाही उलट बाजूने हिशेब करता येतो, आणि त्यासाठी एकच भागाकार पुरतो.

वाढीव वॉरंटीची किंमत २,४०० रुपये धरू. समजा, वॉरंटीत बसेल असा एखादा मोठा बिघाड झाला, तर त्याचा खर्च ४,००० रुपये येईल. २,४०० ला ४,००० ने भागले की ०.६ येते. याचा अर्थ, अशी दहा यंत्रे घेतली तर त्या दोन वर्षांत त्यांतल्या सहांमध्ये हा मोठा आणि वॉरंटीत बसणारा बिघाड व्हायला हवा. तेव्हा कुठे भरलेले पैसे वसूल होतील. आता स्वतःला विचारावे : दहांपैकी सहा यंत्रे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी कारखान्यातल्या दोषामुळे बंद पडतात, असे मला खरेच वाटते का? तसे वाटत असेल तर ते यंत्रच घेऊ नये. आणि वाटत नसेल, तर वॉरंटी महाग आहे.

दुकानात मोबाईलवर हा भागाकार करायला दहा सेकंद लागतात. आकडे आपापल्या यंत्राचे घालावेत. ६०० रुपयांत दोन वर्षे मिळत असतील तर उत्तर ०.१५ येते, आणि मग विचार करायला जागा आहे.

‘पण मनाची शांती मिळते ना?’

हा आक्षेप मी हलका मानत नाही. विमा आपण याचसाठी काढतो. घर जळाले, मोठे आजारपण आले तर कुटुंब कोसळेल, म्हणून दर वर्षी पैसे ‘वाया’ घालवणे शहाणपणाचे असते. तिथे जोखीम दुसऱ्याच्या खांद्यावर टाकण्यात अर्थ आहे, कारण ती आपल्याला पेलणारी नसते.

चार हजारांचा खर्च अप्रिय असतो. पण ज्या घराने अठरा हजारांचे यंत्र घेतले, त्या घराला तो बहुधा पेलतो. पेलणाऱ्या जोखमीसाठी दुसऱ्याला पैसे दिले की त्यात त्या कंपनीचा कार्यालयखर्च, दुकानदाराचे कमिशन आणि नफा हे सगळे आपण भरतो. तेच २,४०० रुपये वेगळ्या पाकिटात ठेवले, तर ते प्लगलाही चालतात, पात्यालाही चालतात, जवळच्या मेकॅनिकलाही चालतात, आणि कुठलीही ओळ दाखवून कोणी ते नाकारत नाही. काहीच बिघडले नाही तर तिसऱ्या वर्षी पाकीट भरलेलेच असते.

आणि शांतीबद्दल म्हणाल, तर ती कागदावर किती वगळले आहे हे न वाचल्यामुळे मिळालेली असेल, तर ती जूनमधल्या पहिल्या खेपेलाच संपते.

वॉरंटी नसेल तर ग्राहक उघड्यावर पडतो का?

नाही. पैसे न भरता मिळणारे काही संरक्षण कायद्यातच आहे, आणि ते काउंटरवर कोणी सांगत नाही. १९३० च्या माल विक्री कायद्याच्या कलम १६ नुसार, ग्राहकाने वस्तू कशासाठी हवी ते सांगितले असेल आणि तो विकणाऱ्याच्या जाणकारीवर विसंबला असेल, तर वस्तू त्या कामाला योग्य असायला हवी, ही अट न लिहिताही गृहीत धरली जाते. म्हणून ‘काजूच्या बागेतल्या उतारावरचे जाड गवत आणि झुडपे कापायची आहेत’ हे दुकानात स्पष्ट सांगावे, शक्य तर संदेशात लिहून ठेवावे.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९, हा २० जुलै २०२० पासून लागू झाला. सदोष वस्तू आणि सेवेतील त्रुटी या दोन्हींसाठी त्याखाली तक्रार करता येते. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावे लागते. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. आणि ग्राहक जिथे राहतो तिथल्याच आयोगाकडे तक्रार करता येते, मग कंपनीचे मुख्यालय कुठेही असो. वकील असलाच पाहिजे असेही नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून पाहावा. पुष्कळ वेळा प्रकरण आयोगापर्यंत न जाता तिथेच मिटते.

या कायद्यात बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. म्हणून ‘एस्टिमेट’ लिहिलेल्या चिठ्ठीवर समाधान मानू नये. पक्के बिल घ्यावे, त्यावर यंत्राचा अनुक्रमांक लिहून घ्यावा, आणि दोन्हींचा फोटो काढून ठेवावा. कारण खोपीत ठेवलेले बिल पावसाळ्यात बुरशीने खाल्ले जाते.

मात्र या संरक्षणाची मर्यादाही सांगायला हवी. दोष मुळातलाच होता, वापरातून आलेला नाही, हे दाखवावे लागते, आणि त्याला वेळ जातो. दुसऱ्या वर्षी बंद पडलेल्या कार्बोरेटरसाठी आयोगाकडे जाण्यात शहाणपण नाही. नव्या यंत्राचे इंजिन महिनाभरात फुटले आणि दुकानदार हात वर करू लागला, तर जरूर आहे.

पेट्रोलचे काय? पंपावर दुसरे मिळतच नाही

हा प्रश्न मला फार रास्त वाटतो. अनेक छोट्या इंजिनांच्या पुस्तिकांत १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल असलेले पेट्रोल वापरावे, असे छापलेले असते, आणि पंपावरच्या साध्या पेट्रोलमध्ये इथेनॉल २० टक्के असते. मग वॉरंटी टिकवायची तर ग्राहकाने काय करायचे? वाढीव वॉरंटी घ्यायचीच असेल, तर विकत घेण्यापूर्वी दुकानदाराला एकच प्रश्न ईमेलने किंवा व्हॉट्सॲपवर विचारावा : ‘या यंत्रात पंपावरचे २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल वापरले, तर वॉरंटी लागू राहील का?’ उत्तर लेखी ‘हो’ आले, तर ते जपून ठेवावे. उत्तर तोंडीच राहिले, तर त्या वॉरंटीचा बराचसा भाग आधीच गळून पडला आहे, असे समजावे.

बाकी उपाय आपल्या हातातले आहेत. दोन-तीन आठवड्यांत संपेल एवढेच पेट्रोल आणावे, टू-टी ऑइल मापाने मिसळावे, आणि हंगाम संपला की टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवावे, म्हणजे कार्बोरेटरमध्येही काही उरत नाही. याला दहा मिनिटे लागतात. माझे यंत्र गेल्या जानेवारीपासून मी असेच ठेवतो, आणि या जूनमध्ये ते तिसऱ्या ओढीला सुरू झाले.

कोणाला वाढीव वॉरंटी घेण्यात अर्थ आहे?

काहींना आहे. बॅटरीवरच्या यंत्राचा विचार वेगळा करावा लागतो, कारण त्यात बॅटरीच किमतीचा मोठा हिस्सा असते आणि ती गल्लीतल्या मेकॅनिकला दुरुस्त करता येत नाही. वाढीव योजनेत बॅटरी आणि चार्जर स्पष्टपणे धरलेले असतील, तर विचार करावा. पण बॅटरी पूर्ण बंद पडणे आणि तिची ताकद हळूहळू कमी होणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि दुसरी गोष्ट पुष्कळ योजनांमध्ये झीज म्हणून सोडून दिलेली असते.

हॉटेले, गृहसंकुले किंवा फुटबॉलची मैदाने सांभाळणारे क्लब वर बसून चालवायचे मोठे मोअर घेतात. तिथे एका बिघाडाचा खर्चच मोठा असल्याने काहीतरी कवच हवे हे खरे. पण त्यांनी वाढीव वॉरंटीऐवजी वार्षिक देखभाल करार, म्हणजे एएमसी, पाहावा. त्यात बिघाड होण्याची वाट न पाहता मेकॅनिक ठरावीक काळाने येऊन यंत्र तपासतो, आणि किती तासांत यायचे हे करारात लिहून घेता येते.

सर्वांत अवघड जागी असतो तो दुसऱ्यांची भाटे साफ करून पोट भरणारा माणूस. आमच्या वाड्यावर गवत कापायला येणारा तरुण पावसाळ्यात दिवसाला सहा-सात तास यंत्र चालवतो. त्याच्या यंत्राचे तिसरे वर्ष म्हणजे माझ्या यंत्राचे पंधरावे. त्याला कवचाची गरज माझ्याहून कितीतरी जास्त. पण ‘धंद्यासाठी वापर’ ही ओळ त्यालाच बाहेर ठेवते. कायदा मात्र त्याच्याकडे वेगळ्या नजरेने पाहतो. ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी हेतूने वस्तू घेणारा ग्राहक ठरत नसला, तरी केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी घेतलेली वस्तू या वगळणुकीत येत नाही. म्हणजे सदोष यंत्राविरुद्ध तो आयोगाकडे जाऊ शकतो, तरी वाढीव वॉरंटीचा कागद त्याला नाकारू शकतो. अशा माणसाने दुकानात आपला वापर लपवू नये. उलट स्पष्ट सांगावा, व्यावसायिक वापरासाठी वेगळी वॉरंटी आहे का ते विचारावे, आणि नसेल तर ते पैसे जास्त मजबूत मॉडेल घेण्यात किंवा सुटे भाग तालुक्यातच मिळतात अशा कंपनीचे यंत्र घेण्यात घालावेत. कार्बोरेटर, क्लच आणि प्लग शेजारच्या बाजारात त्याच दिवशी मिळणे ही त्याच्यासाठी कुठल्याही कागदापेक्षा मोठी खात्री आहे.

आधीच पैसे भरले असतील तर?

तर ते वसूल करण्याचा प्रयत्न करावा. योजनेची नोंदणी खरोखर झाली आहे का, हे आजच तपासावे. कारण काही योजनांत खरेदीनंतर ठरावीक दिवसांत नोंदणी करावी लागते आणि दुकानदार ते करायचे विसरतो. सर्व्हिसिंगच्या पावत्या एका जागी ठेवाव्यात. दावा नाकारला गेला तर कारण लेखी मागावे. तोंडी नकारावर घरी येऊ नये.

आणि मुदत संपण्याच्या महिनाभर आधी यंत्र सेवा केंद्रात नेऊन पूर्ण तपासून घ्यावे. सील गळत असेल, क्लच घसरत असेल, तर ते तेव्हाच नोंदले जाते. माझी मुदत पुढच्या मे महिन्यात संपते. तेव्हा मी यंत्र एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात नेणार आहे, कारण त्या दिवसांत केंद्रात गर्दी नसते आणि पावसाला अजून दोन महिने असतात.